अनुमोदनेचे पुण्य

अहिल्यानगर जिल्ह्यातील व्यापारी जैन कुटुंबांना फिरोदिया घराणे सुपरिचित आहे. नगरचे नामांकित वकील कुंदनमल फिरोदिया यांनी १९४६ ते १९५२ या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद भूषविले. त्यांचे पुत्र हस्तीमल यांना ओढ होती ती यंत्रांची. त्यांच्या कायनेटिक उद्योगाने १९७२ साली ५० सीसीची ‘लूना’ रस्त्यावर आणली आणि सामान्य माणसाच्या दारी स्वतःचे वाहन उभे राहिले.

त्यांच्याच नावाने १९९६ साली एच. के. फिरोदिया पुरस्कार सुरू झाले. ‘विज्ञानरत्न’ आणि ‘विज्ञानभूषण’ या सन्मानांनी भारतीय शास्त्रज्ञांचा गौरव करावा आणि तो पाहून तरुणांनी संशोधनाकडे वळावे, हा त्यामागील हेतू. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे या तिन्हींत सारखाच वाटा असतो, असे जैन परंपरा मानते. त्या दृष्टीने पुरस्कार म्हणजे ज्ञानाचे अनुमोदनच होय.

गुणग्राहकतेला पदवीचे बंधन नसते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेची पायरीही चढल्या नाहीत. परंतु गावरान वाणांचे बियाणे त्यांनी निष्ठेने जपले. २०२० च्या पद्मश्री सन्मानाने त्यांच्या निरीक्षणशक्तीला देशाची मान्यता मिळाली.

तथापि, खरी कसोटी घरातच लागते. मुलगा वा मुलगी मूलभूत विज्ञान शिकू इच्छिते, तेव्हा ‘पेढी कोण सांभाळणार?’ हा प्रश्न वडिलांच्या ओठी येतो. ही चिंता अनाठायी नाही. पेढीचा हिशेब दर दिवाळीला जुळतो. संशोधनाचे फळ मात्र कित्येक वर्षे दिसत नाही. पण अहमदाबादच्या गिरणीमालक जैन कुटुंबातील विक्रम साराभाई यांनी १९४७ साली भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापिली आणि पुढे भारताच्या अवकाश कार्यक्रमाचा पाया घातला. त्या घराने पुत्राची जिज्ञासा तोट्यात धरली असती, तर देशाचे केवढे नुकसान झाले असते!

चातुर्मासात तपस्वींचा आणि गुणवंतांचा सत्कार प्रत्येक संघात होतो. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी व नववीचे विद्यार्थी प्रयोग करतात, प्रकल्प सादर करतात. अशा मुलांनाही त्याच व्यासपीठावर स्थान मिळावे. श्रीफळासोबत एखादे सूक्ष्मदर्शक हाती पडले, तर ते अनुमोदन त्या बालमनात दीर्घकाळ रुजून राहील.