इंकस्केपमध्ये फाईल 'ओपन' करायची की 'इम्पोर्ट'?



गेल्या वर्षी आमच्या शाळेत बालआनंद मेळावा होता. दुसरीच्या मुलांनी काढलेल्या चित्रांचे मी मोबाईलवर फोटो काढले, घरच्या लॅपटॉपवर घेतले आणि रात्री बसून इंकस्केपमध्ये एक भित्तिपत्रक तयार केलं. फाईल पेनड्राईव्हवर घेतली. सकाळी शाळेच्या संगणकावर उघडली, तर मजकूर जागेवर, चौकटी जागेवर, पण सगळ्या चित्रांच्या ठिकाणी लाल फुली! लॅपटॉप घरी राहिलेला. शेवटी चित्रांशिवायच भित्तिपत्रक लावलं. एक मुलगी त्यापुढे बराच वेळ उभी होती. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "बाई, माझं चित्र कुठंय?"

चूक इंकस्केपची नव्हती, माझीच होती. फाईल 'आत घेणे' म्हणजे नेमकं काय होतं, हे मला कळलेलंच नव्हतं. तुमच्यावर अशी वेळ येऊ नये म्हणून हा लेख.

इंकस्केप म्हणजे काय?

इंकस्केप हे चित्र काढण्याचं मोफत सॉफ्टवेअर आहे. २००३ पासून ते उपलब्ध आहे आणि विंडोज, लिनक्स, मॅक या तिन्हींवर चालतं. त्याची स्वतःची फाईल 'एसव्हीजी' प्रकारची असते. यात चित्र रेषा आणि आकार यांच्या स्वरूपात साठवलं जातं, त्यामुळे कितीही मोठं केलं तरी फाटत नाही. मोबाईलचा फोटो (जेपीजी) मात्र बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. तो फार मोठा केला की धूसर दिसतो. अक्षरगट, नकाशे, कार्यपत्रिका, तक्ते यांसाठी इंकस्केप फार उपयोगी आहे.

१) ओपन आणि इम्पोर्ट यांतला फरक

फाईल मेनूमध्ये हे दोन्ही पर्याय आहेत. ओपनसाठी कंट्रोल + ओ आणि इम्पोर्टसाठी कंट्रोल + आय.

ओपन म्हणजे दप्तरातून दुसरी वही काढून उघडणं. आधीची एसव्हीजी फाईल ओपन करून बदल केला आणि सेव्ह केलं, तर मूळ फाईलच बदलते. गेल्या वर्षीची कार्यपत्रिका तशीच ठेवून नवी करायची असेल, तर उघडल्याबरोबर आधी 'सेव्ह ॲज' करून नवीन नाव द्या. काम झाल्यावर देऊ म्हटलं तर हमखास विसरतं.

इम्पोर्ट म्हणजे आपल्याच वहीच्या चालू पानावर बाहेरचं कात्रण आणणं. मूळ फाईलला धक्का लागत नाही.

फोटो ओपन केला तर तो वेगळ्या खिडकीत उघडतो आणि कागदाचा आकार फोटोएवढा होतो. मग "माझं ए-फोर पान कुठं गेलं?" असा प्रश्न पडतो. म्हणून तयार पानावर चित्र हवं असेल तर नेहमी इम्पोर्ट.

२) एम्बेड आणि लिंक : खरी गंमत इथे आहे

फोटो इम्पोर्ट करताना एक छोटी चौकट येते आणि विचारते, एम्बेड करू की लिंक? घाईत आपण न वाचताच ओके करतो.

एम्बेड म्हणजे कात्रण वहीत डिंकाने चिकटवणं. वही कुठेही न्या, चित्र सोबत येणार.

लिंक म्हणजे चित्र न चिकटवता "कपाटातलं निळं पुस्तक, पान १२ पाहा" एवढंच लिहून ठेवणं. कपाट जवळ आहे तोवर सगळं ठीक. वही घेऊन दुसऱ्या गावी गेलात की तिथे ना कपाट, ना पुस्तक.

माझं हेच झालं होतं. कधीतरी मी लिंक निवडून 'पुन्हा विचारू नका' या चौकोनात खूण केली होती. त्यानंतरचा प्रत्येक फोटो लिंक होऊनच आला. घरी चित्रं दिसत होती, कारण फोटो त्याच लॅपटॉपवर होते. (ही खूण एडिट मेनूतल्या प्रेफरन्सेसमध्ये, प्रतिमांच्या विभागात जाऊन बदलता येते.)

मग लिंक हा पर्याय ठेवलाच कशाला? एम्बेड केलं की फाईल जड होते. चित्राची माहिती अक्षरांच्या रूपात साठवली जात असल्याने ती साधारण एक तृतीयांशाने वाढते. ३ एमबीचा फोटो आत जवळपास ४ एमबी जागा घेतो. असे वीस फोटो घेतले तर जुना संगणक रडकुंडीला येतो. शिवाय एकच बोधचिन्ह दहा फाईलींत लिंक केलं असेल, तर ते एकदा बदललं की सगळीकडे बदलतं. पण आपल्यासारख्यांनी, जे घरी काम करून शाळेत प्रिंट काढतात, त्यांनी एम्बेडच निवडावं.

आधीच लिंक झालेली चित्रं असतील तर घाबरू नका. ज्या संगणकावर मूळ फोटो आहेत तिथेच फाईल उघडा, एक्स्टेंशन्स मेनूत इमेजेसमध्ये जा आणि 'एम्बेड इमेजेस' निवडा. सगळी चित्रं आत चिकटतील.

३) पीडीएफ आणि मराठी अक्षरं

पीडीएफ आत घेताना कोणतं पान हवं ते निवडता येतं. मजकूर कसा आणायचा, हेही ठरवता येतं. मराठीसाठी हे महत्त्वाचं आहे. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या पीडीएफ युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत. मजकूर 'मजकूर' म्हणून आणला आणि तो फॉन्ट आपल्याकडे नसला, तर 'शाळा'च्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. अशा वेळी अक्षरं आकार म्हणून आणण्याचा पर्याय घ्या. दिसायला बरोबर येतात, मात्र टाईप करून दुरुस्त करता येत नाहीत. दुरुस्ती हवीच असेल तर तेवढा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाईप करणं सोपं.

वर्डची फाईल इंकस्केप उघडत नाही. आधी वर्डमधून पीडीएफ करा, मग इम्पोर्ट करा.

४) इम्पोर्ट झाल्यावर

चित्र लहान-मोठं करताना कंट्रोल दाबून कोपरा ओढा, नाहीतर मुलांचे चेहरे चपटे होतात. दुसरी एसव्हीजी इम्पोर्ट केली की तिचे भाग बऱ्याचदा एकत्र बांधलेले येतात. शिफ्ट + कंट्रोल + जी दाबलं की सुटे होतात. मुलांच्या पेन्सिलच्या चित्राची रंगवायला बाह्यरेषा हवी असेल, तर पाथ मेनूतलं 'ट्रेस बिटमॅप' वापरा. फोटो उजेडात काढलेला असेल तर रेषा स्वच्छ येते.

निघण्याआधी एवढं तपासा

• एसव्हीजी फाईल पेनड्राईव्हवर घेतली का? (पुढे बदल करण्यासाठी)
• सोबत पीडीएफ काढली का? (प्रिंटसाठी. चित्रं तिच्यातच असतात.)
• ती पीडीएफ दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाईलवर उघडून पाहिली का?

तिसरं काम एका मिनिटाचं आहे, पण तेच मी त्या रात्री केलं नव्हतं.

मेळाव्यानंतरच्या सोमवारी मी सगळी चित्रं एम्बेड केली आणि भित्तिपत्रक पुन्हा छापून वर्गाच्या दारावर लावलं. त्या मुलीने आपलं चित्र शोधलं, त्यावर बोट ठेवलं आणि मैत्रिणीला हाक मारली. मेळाव्याला आलेल्या तिच्या आईला मात्र ते पाहता आलं नाही, ही रुखरुख राहिलीच.

आज एक फोटो इम्पोर्ट करून पाहा आणि ती छोटी चौकट आली की घाई न करता वाचा.