बर्गर खायचाय? मग दादरला चला!

दोस्तांनो, बर्गर आवडतो ना तुम्हाला? हात वर करा बघू!

आमच्या चौथीच्या वर्गात मी हाच प्रश्न विचारला होता. तीन-चार जण सोडले तर सगळे हात वर! मग मी विचारले, "चांगला बर्गर कुठे मिळतो?" झाले, वर्गात नुसता कल्ला. कुणी मॉलचे नाव घेतले, कुणी स्टेशनजवळच्या दुकानाचे. एकाने तर बर्गरबरोबर खेळणे कुठे फुकट मिळते तेही सांगून टाकले. सगळे बोलून झाल्यावर मी म्हटले, "माझ्या मते सगळ्यात चांगला बर्गर दादरला मिळतो. छबिलदास शाळेच्या गल्लीत."

"बाई, तिथे तर वडापाव मिळतो!"

सगळा वर्ग खो खो हसला. मीही हसले. पण खिडकीजवळच्या बाकावरचा एक मुलगा काही हसला नाही. तो वहीच्या कोपऱ्यात रेघोट्या मारत बसला होता.

त्याचे कारण मला ठाऊक होते. आदल्याच आठवड्यात मी वर्गात आरोग्याचा धडा शिकवला होता. 'उघड्यावरचे पदार्थ खाऊ नयेत,' हे वाक्य मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आणि मुलांकडून तीनदा वदवून घेतले. मग शनिवारी पालकसभा झाली. त्या मुलाचे वडील आले, हात जोडून म्हणाले, "बाई, जरा लवकर सोडाल का? गाडी लावायचीय." वडापावची गाडी! माझ्या पोटात धस्स झाले. ज्या कढईवर या पोराची फी, वह्या, गणवेश चालतो, तिच्यावरच मी खडूने फुली मारली होती. आणि खरे सांगू? शाळा सुटल्यावर मी स्वतः किती वेळा गाडीवरचा वडापाव खाल्लाय, त्याची मोजदाद नाही!

मग मी ठरवले, या गोष्टीचा नीट छडा लावायचा. दोन शनिवार मी दादर पालथे घातले. बरोबर माझी सातवीतली भाची होती, कारण एकटीला तेवढे वडे संपणार नव्हते.

आधी दादरविषयी थोडे सांगते. आज दादर म्हणजे मुंबईचे अगदी मधले ठिकाण वाटते. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते शहराबाहेरचे उपनगर होते, बरं का! १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाटीवाटीच्या वस्तीत माणसे पटापट दगावली. तेव्हा १८९८ साली शहर सुधारण्यासाठी एक ट्रस्ट नेमला गेला आणि त्याने दादर-माटुंग्याकडे मोकळ्या हवेची, रुंद रस्त्यांची नवी वस्ती आखली. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही त्यातलीच. जवळच गिरणगाव, म्हणजे कापडगिरण्यांचा भाग. शिवाय मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही रेल्वेंचे स्टेशन इथे एकमेकांना चिकटलेले. म्हणजे सकाळ-संध्याकाळ घाईतली, भुकेली माणसे इथे हजारोंनी! वडापाव दादरलाच का जन्मला, हे आता वेगळे सांगायला नको.

बटाटेवडा त्याआधीही होता. दादर स्टेशनजवळचे मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० सालचे. तिथे बाकावर बसून, बशीत घेऊन वडा खायचा अशी पद्धत. पण गिरणीचा भोंगा झाल्यावर बसायला वेळ कुणाला? १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असे बहुतेक जण सांगतात. त्याच सुमाराला सुधाकर म्हात्रे यांनीही दादरलाच वडापाव सुरू केला, असेही सांगतात. तिकडे कल्याणला वझे कुटुंब आपल्या घराच्या खिडकीतून वडापाव देऊ लागले, म्हणून त्याचे नाव पडले 'खिडकी वडा'! पहिला कोण, यावर मोठी माणसे अजून भांडतात. आपण खायचे काम करू.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप लांबत गेला, अनेक गिरण्या पुन्हा धड सुरू झाल्याच नाहीत. हातातले काम गेलेल्या कितीतरी घरांनी मग एक कढई, एक स्टोव्ह आणि एक हातगाडी घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहायला सुरुवात केली. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर तो खिडकीजवळचा मुलगा येत होता.

असो. चला आता खायला!

दादरला पश्चिमेच्या बाजूला उतरा. गर्दीतून वाट काढत छबिलदास शाळेची गल्ली विचारा, कुणीही सांगेल. या शाळेच्या सभागृहात १९७४ पासून कितीतरी वर्षे प्रायोगिक नाटके होत असत. त्यामुळे नाटकवाल्या माणसांना 'छबिलदास' म्हटले की नाटक आठवते आणि बाकीच्यांना वडा. इथला 'श्रीकृष्ण'चा बटाटेवडा म्हणजे दणकट प्रकरण! माझ्या भाचीने तो हातात घेतला आणि म्हणाली, "मावशी, याने क्रिकेट खेळता येईल." आतला बटाटा पार लगदा केलेला नसतो, फोडी दाताखाली येतात. पाव न घेता नुसता वडा खाणारेही इथे पुष्कळ. पण मी सांगते, लहान मुलांनी दोघांत एक घ्यावा. आम्ही दोन घेतले आणि एक डब्यात घरी आला!

दुसऱ्या शनिवारी कीर्ती कॉलेज. स्टेशनपासून समुद्राच्या दिशेने चालत जायचे. थोडे लांब आहे, पण भूक लागायला बरे. कॉलेजजवळच 'अशोक वडापाव'ची गाडी आहे. इथली गंमत म्हणजे चुरा! वडे तळताना पिठाचे थेंब तेलात पडतात आणि कुरकुरीत होऊन तरंगतात. झाऱ्याने ते काढून वेगळे ठेवतात. तो चुरा वड्याबरोबर पावात घालून देतात आणि नुसता चुरापावही मिळतो. कुरुम कुरुम! भाचीने माझ्या वहीत याला दहापैकी दहा गुण दिले. मी साडेआठ दिले. तिखट जरा जास्त होते, आणि बाईंना पैकीच्या पैकी द्यायची सवय नसते.

वाटेत गडकरी चौकात 'आस्वाद' लागते. तिथल्या मिसळीने २०१५ साली लंडनच्या एका पुरस्कारात शाकाहारी पदार्थांमध्ये पहिला नंबर मिळवला होता. पण मिसळ बर्गरमध्ये बसत नाही, म्हणून तिच्याविषयी पुन्हा कधीतरी.

आता तुम्ही म्हणाल, वडापावला बर्गर का म्हणायचे? अहो, बघा ना! पाव मधोमध कापलेला, आत तळलेला गरम ऐवज, वर चटणी. बर्गर म्हणजे तरी काय? मॅकडोनाल्डने १९९६ साली भारतात दुकान काढले. पुढे त्यांचा आपल्याकडे खूप खपलेला बर्गर कोणता, तर आलू टिक्कीचा. फिरून पुन्हा बटाटाच की!

आणि आपला वडापाव तरी पुरता 'आपला' कुठे आहे? 'पाव' हा शब्द पोर्तुगिजांचा. 'बटाटा' हाही त्यांचाच शब्द. बटाटा आणि मिरची, दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या. पोर्तुगिजांच्या जहाजांतून त्या गोव्याच्या बाजूला उतरल्या. हरभऱ्याचे पीठ मात्र आपल्याकडे हजारो वर्षांपासून आहे. म्हणजे तुम्ही एक घास घेता, तेव्हा तुमच्या तोंडात केवढा भूगोल असतो पाहा!

पण माझ्या त्या फळ्यावरच्या वाक्याचे काय? ते खोटे का? नाही. पण अर्धवट होते. दोन शनिवार गाड्यांपाशी उभी राहून मी नुसते खाल्ले नाही, पाहिलेही. नीट तापलेले तेल सुमारे १७० ते १८० अंशांवर असते. त्यातून आत्ताच निघालेल्या वड्यावर रोगजंतू टिकत नाहीत. धोका असतो तो नंतर. गार होऊन उघडा पडलेला वडा, पाणी घालून सकाळी केलेली हिरवी चटणी, बादलीतले पाणी, नोटा मोजून तसाच पावाला लागणारा हात. लसूण, सुके खोबरे आणि लाल तिखटाची सुकी चटणी त्या मानाने बरी, कारण तिच्यात पाणीच नसते.

दुसरे म्हणजे तेल. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की ते काळपट आणि दाट होते, त्याला फेस येतो, लवकर धूर सुटतो. त्यात शरीराला नको असलेले पदार्थ तयार होतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचे नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. आता गाडीपाशी उभे राहून टक्के कसे मोजणार? पण रंग तर दिसतो! तिसरी गोष्ट कागद. वर्तमानपत्राच्या शाईत घातक द्रव्ये असतात आणि ती तेलकट पदार्थात उतरतात. म्हणून छापील कागदात खाद्यपदार्थ देऊ नयेत, अशी सूचना अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालीच दिली आहे. एका गाडीवर (नाव सांगत नाही) मला कालच्या शब्दकोड्यात गुंडाळलेला वडा मिळाला. उभे शब्द वड्याला चिकटले होते! तो मी खाल्ला नाही. भाचीला मात्र आधी कोडे सोडवायचे होते.

सोमवारी मी वर्गात फळ्यावर एक कढई काढली आणि म्हटले, "आज वडापावचा तास. मला सगळे येत नाही. कुणाला येते?" कुणी बोलेना. मग मी मुद्दाम चूक केली. म्हटले, "बटाटे उकडले की गरम गरमच पिठात बुडवायचे आणि तळायचे."

"नाही बाई!" खिडकीजवळून आवाज आला. "आधी फोडणी. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता. आलं-लसूण-मिरचीचा ठेचा. मग गार करायचं. गरम असताना गोळा केला तर तेलात फुटतो."

"आणि पीठ?"

"पातळ नको. बोट बुडवून बघायचं, बोट दिसता कामा नये. सोडा चिमूटभरच. जास्त घातला तर वडा तेल पितो."

वर्ग चिडीचूप! मग एकेक प्रश्न सुरू झाला. लादीतले पाव किती लागतात? मिरच्या तळताना उडत नाहीत का? (उडतात. म्हणून आधी चीर द्यायची आणि मीठ नंतर भुरभुरायचे.) तू तळतोस का? "नाही. पप्पा कढईजवळ येऊ देत नाहीत. मी पाव कापतो आणि चटणी लावतो. आणि सुट्टे पैसे."

पैशांचे ऐकून मला माझी टाचण आठवली. मी विचारले, "पैसे घेतोस त्याच हाताने चटणी?"

तो जरा थांबला. "हो बाई. आता नाही लावणार. पैशाला डबा ठेवू."

मधल्या सुट्टीत तो माझ्या टेबलाशी आला. मला वाटले, रागावलाय. पण म्हणाला, "बाई, तुम्ही आमच्या गाडीवर या ना शनिवारी."

"येते की!"

तो मागे फिरला आणि पुन्हा आला. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "पण चारच्या आत या हं. तेल नवीन असतं. रात्रीपर्यंत जरा काळं होतं. मी पप्पांना सांगणारे, पण तोपर्यंत चारच्या आत."

शनिवारी मी साडेतीनलाच गेले. पैशांचा डबा होता. कागद पांढरा होता. तेल पिवळे होते. पहिला घाणा नुकताच उतरत होता, आणि पाव कापणाऱ्या मुलाने मला बघून कढईतला सगळ्यात मोठा वडा बोटाने दाखवला.