मालक बदलला, करार कोणाचा?

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. रंगाच्या कारखान्यात केमिस्ट आहे. कारखाना विकला गेला. रुजू होताना त्याने सही केलेल्या कागदात एक कलम होते : नोकरी सोडल्यावर दोन वर्षे त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीत जायचे नाही. नव्या मालकाच्या माणसाने तोच कागद पुढे केला, सोबत एक नवाही दिला. “सर, मी यांच्याशी करार केलाच नव्हता,” तो म्हणाला.

त्याचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. ‘कंपनी विकली’ हा शब्दप्रयोगच फसवा. नुसते शेअर हातबदल झाले, तर कायद्याच्या दृष्टीने कंपनी तीच राहते आणि करारही. धंदाच उचलून दुसऱ्या कंपनीला दिला, तर मात्र नोकराच्या संमतीवाचून त्याचा करार तिकडे जात नाही. हे तत्त्व इंग्लंडमध्ये नोक्स नावाच्या खाणकामगाराने मिळवले. त्याची कोळसा कंपनी दुसरीत विलीन झाली, आणि कामावर गैरहजर राहिला म्हणून नव्या कंपनीने त्याला कोर्टात खेचले. १९४० साली हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याच्या बाजूने निकाल दिला. मालक निवडण्याचा हक्क हाच नोकर आणि भूदास यांतला मुख्य फरक, असे लॉर्ड ॲटकिन यांनी त्यात म्हटले. (वेठ म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.) तेथे १९८१ च्या नियमांनी चित्र पालटले; आता धंद्याबरोबर करारही जातो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०११ सालीही संमतीचीच बाजू घेतली.

पण करार नव्या मालकाकडे गेला असे धरले, तरी जुन्याकडे जे नव्हते ते नव्याला कोठून मिळणार? १८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ सांगते की, कोणालाही कायदेशीर व्यवसायापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. क्रिकेटपटू जहीर खानच्या खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने, करार संपल्यानंतरचे बंधन टिकत नाही, हेच पुन्हा सांगितले. अपवाद आहे, पण तो धंद्याचा नावलौकिक विकणाऱ्याला बांधण्यासाठी. म्हणजे बांधायचेच तर विकणाऱ्या मालकाला बांधा! कारखान्याची गुपिते फोडू नयेत, हे बंधन वेगळे, ते राहते.

मात्र नोकरीच्या ठरलेल्या मुदतीतले बंधन चालते. कल्याणच्या कारखान्यातून उद्भवलेल्या गोळीकरी खटल्यात १९६७ साली तसेच ठरले. म्हणून नव्या कागदावर मुदत लिहिली आहे का, ते मी त्याला आधी पाहायला सांगितले.

होती. पाच वर्षांची. सही त्याने अजून केलेली नाही.