पहार, सायकल आणि आपली कंबर

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत परवा मुले तरफेचा धडा घोकत होती. टेकू, भार, बल सगळे तोंडपाठ. पण पहार कोठे धरावी असे आम्ही विचारताच गप्प! दाराशी बसलेले हातगाडीवाले काका हसून म्हणाले, "टोकाला धरा, अन् टेकू दगडाजवळ सरकवा."

काकांचे बरोबर होते. पहार 150 सेंटिमीटर लांब आणि टेकू दगडाकडच्या टोकापासून 15 सेंटिमीटरवर असेल, तर हाताकडची बाजू 135, म्हणजे नऊपट. 20 किलोच्या दाबाने 180 किलोचा भार हलतो. मात्र दगड एक इंच उचलायला हात नऊ इंच खाली न्यावा लागतो. आम्ही पडलो कारकून. जमाखर्च येथेही जुळतो हे पाहून बरे वाटले.

हातगाडीत चाकांचा आस हाच टेकू. माल मागे जास्त झाला तर दांड्या वर उचलतात, पुढे जास्त झाला तर हातावर बसतात. म्हणून काका माल आसावर, किंचित पुढे भरतात.

सायकलचेही तेच. पुढच्या चक्राला 44 दाते आणि मागच्याला 22 असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक दोनदा फिरते. वेग वाढतो, जोर घटतो. गिअरच्या सायकलीत चढावर साखळी मागच्या मोठ्या चक्रावर घेतात ती यासाठीच.

पण खरा हिशेब आपल्या कमरेचा आहे. वाकून ओझे उचलताना कण्याचा खालचा भाग टेकू होतो. पाठीचे स्नायू त्यापासून जेमतेम 5 सेंटिमीटरवर, आणि ओझे हातभर पुढे. 15 किलोचा हंडा 40 सेंटिमीटर पुढे धरला तर स्नायूंवर आठपट, म्हणजे 120 किलोचा ताण येतो. तोच अंगाजवळ, 20 सेंटिमीटरवर घेतला तर 60. वाकलेल्या शरीराचे वजन वेगळेच. भगिनींनी म्हणूनच गुडघे वाकवून हंडा पोटाशी घ्यावा.

एका मुलीने लगेच सिमेंटच्या पोत्याचे गणित मांडले: 50 किलो, 30 सेंटिमीटर, सहापट, 300 किलो. काकांनी फळ्यावरचा आकडा दोनदा वाचायला लावला. मग सदऱ्याखालचा कमरेचा पट्टा जरा सैल केला आणि म्हणाले, "पोरी, हे वहीत लिही. माझ्या धाकट्याला दाखवायचंय, तो उद्यापासून गोदामात जातोय."