एक भाऊ गावी, एक भाऊ शहरात

पनवेलला २०१६ साली महानगरपालिका झाली. आसपासची कितीतरी खेडी त्या दिवशी शहरात आली. खेडे शहरात आले, की माणसाचे चालणे कमी होते. पूर्वी स्टेशनला जायचे म्हणजे पायी, नाहीतर सायकलने. आता दारात मोटारसायकल उभी असते. वाण्याचे दुकान चार घरे पलीकडे, तरी पोरगा आधी किल्ली शोधतो.

कोणी म्हणेल, "मास्तर, यात बिघडलं कुठं? वेळ वाचतो, पाय दुखत नाहीत." प्रश्न रास्त आहे. पण याचे उत्तर नुसत्या मताने देता येत नाही. मोजून पाहावे लागते. आपल्या देशात काही संशोधकांनी तसे मोजून पाहिले आहे.

नागपूर, लखनौ, हैदराबाद आणि बंगळूर या चार शहरांतल्या कारखान्यांत ते गेले. खेड्यातून येऊन तेथे कामाला लागलेले कामगार त्यांनी निवडले. गावी राहिलेल्या भावाला किंवा बहिणीलाही तपासणीला आणा, असे त्यांना सांगितले. युक्ती मोठी छान होती! एकाच आईबापाची लेकरे, एकाच चुलीवरचे खाऊन वाढलेली. एक शहरात गेले, एक गावी राहिले. मग दोघांच्या तब्येतीत फरक दिसला, तर तो राहणीमुळे पडला असावा, असे म्हणायला आधार मिळतो. शहरातच जन्मलेले कामगार आणि त्यांची भावंडेही त्यांनी जोडीला घेतली.

सुमारे चार हजार माणसे झाली. प्रत्येकाचे वजन आणि उंची घेतली. रक्तदाब पाहिला. उपाशीपोटी रक्त घेऊन त्यातली साखर पाहिली. आणि विचारले, की कामावर कशाने जाता? वाटेत किती वेळ जातो?

त्याचा हिशेब २०१३ साली छापून आला. गावी राहिलेल्यांत शंभरातले ६८ जण सायकलने कामाला जात होते. शहरात गेलेल्या भावंडांत ते फक्त १६ उरले. स्वतःच्या मोटारसायकलने किंवा मोटारीने जाणाऱ्यांत शंभरातल्या ५० जणांचे वजन फाजील होते. बस-रेल्वेने जाणाऱ्यांत ३८ जणांचे. आणि पायी किंवा सायकलने जाणाऱ्यांत? फक्त २५ जणांचे. सायकलवाल्यांत रक्तदाब आणि मधुमेह हे दोन्ही विकारही कमी निघाले. सायकलवर जितका जास्त वेळ, तितका विकार कमी.

वय, खाणे, तंबाखू, दारू यांचा फरक वजा करून हा हिशेब केला होता. तरी एक शंका उरतेच. सायकल चालवल्याने माणूस धडधाकट राहिला, की धडधाकट होता म्हणून सायकल चालवत होता? एकदाच तपासून हे पुरते कळत नाही. शंका आली म्हणजे संशोधन फुकट गेले, असे मात्र नव्हे. शंकेतूनच पुढचे काम निघते.

हीच शंका विलायतेत फार पूर्वी आली होती. लंडनमध्ये डबलडेकर बसगाड्या होत्या. मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी त्या बसवरच्या माणसांची पाहणी १९५३ साली छापली. बस एकच, तिच्यावर माणसे दोन. ड्रायव्हर दिवसभर बसलेला. कंडक्टर तिकिटे फाडत वर-खाली करणारा, दिवसाला पाचशेहून जास्त पायऱ्या चढणारा. हृदयविकार ड्रायव्हरांत जास्त निघाला. मग शंका आली, की जाडी माणसेच ड्रायव्हर होत असतील तर? मॉरिस यांनी गणवेशाच्या विजारींची मापे काढून पाहिली. ड्रायव्हर खरोखरच कमरेने जाड निघाले! तरी पुढे सारख्या बांध्याची माणसे शेजारी ठेवून पाहिली, तेव्हाही कंडक्टरांचीच प्रकृती बरी दिसली.

असे का होते, ते कळायला सोपे आहे. मांड्या आणि पोटऱ्या हे अंगातले मोठे स्नायू. ते हलू लागले, की रक्तातली साखर जळणासारखी वापरतात. काळजालाही रोज थोडा व्यायाम घडतो. शेतात राबणाऱ्याला हे आपोआप मिळते. शेत विकून कारखान्यात किंवा कचेरीत बसलेल्या त्याच्या मुलाला मिळत नाही. जेवण मात्र दोघांचे तेच.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे तरी भरभर चालण्याइतके श्रम करावेत. म्हणजे रोज अर्धा तास, तोही पाचच दिवस. स्टेशनला जाता-येता तेवढे सहज होते. पनवेलच्या वडाळे तळ्याकाठी सकाळी फेऱ्या मारणारी मंडळी आम्ही पाहतो. त्यांतली काही स्कूटरवर बसून चालायला येतात! असो, न चालण्यापेक्षा ते बरे.

खरी अडचण रस्त्याची आहे. चालायला सांगायचे, आणि चालायला जागा ठेवायची नाही, हे बरोबर नव्हे. फुटपाथवर गाड्या उभ्या असतील, तर म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे भर रस्त्यातून जाणार. त्यांना धक्का लागला, तर व्यायामाचा काय उपयोग? म्हणून फुटपाथ मोकळा करून मागणे हीसुद्धा आरोग्याचीच मागणी आहे. वॉर्डाच्या नगरसेवकाकडे चारजणांनी सह्या करून अर्ज द्यावा. आता तुम्हाला सही करता येते.

फुटपाथ नसेल तेथे उजव्या कडेने चालावे, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. सायकल मात्र डाव्या कडेने चालवावी. रात्री तिच्या मागे लाल चकती असावी. छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर आधी डॉक्टरला दाखवावे, मग चालायला लागावे.