षड्ज अढळ ठेवणारे टर्नटेबल

उंची टर्नटेबल पारखताना लोक बहुधा झांजांची किणकिण नाहीतर डबल बासचा घुमारा ऐकतात. ख्याल ऐकणाऱ्याच्या घरात याहून कठोर परीक्षक असतो, तो म्हणजे तंबोरा. उस्ताद अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची एलपी काढावी आणि दरबारीची बाजू लावावी. कोमल गंधाराचे आंदोलन गळ्यातले आहे की यंत्राच्या डळमळीतून आलेले, हे मागचा षड्ज स्थिर असेल तरच कळते. म्हणून यंत्र निवडताना मी गतीची स्थिरता सर्वांत आधी पाहतो.

एलपीची एक फेरी 1.8 सेकंदांत पुरी होते. तबकडीचे भोक केंद्रापासून 1 मिलिमीटर सरकले असेल, तर 10 सेंटिमीटर त्रिज्येवरच्या खाचेत स्वर दर फेरीला 1 टक्का वर आणि 1 टक्का खाली जातो. आपली प्रमाणश्रुती 81/80, म्हणजे सव्वा टक्क्याची; वरच्या आणि खालच्या टोकांतला फरक तिच्याहूनही मोठा. भोक सरकण्याचा हा दोष छपाईचा असतो आणि भारी यंत्रही तो झाकू शकत नाही. जपानच्या नाकामिचीने 1982 च्या सुमारास टीएक्स-1000 मध्ये तबकडी केंद्रापासून किती सरकली आहे ते मोजून ती आपोआप मध्यावर आणण्याची सोय केली होती. ही वाट पुढे फारशी कोणी धरली नाही, याची मला खंत वाटते.

यंत्राच्या हाती असलेला दोष मात्र दूर करता येतो. जुन्या बेल्टच्या यंत्रांत सिंक्रोनस मोटर असते आणि तिची गती विजेच्या वारंवारतेला बांधलेली असते. आपल्या ग्रिडची वारंवारता एके काळी 50 वरून 49 हर्ट्झच्या खाली घसरणे नवे नव्हते. 1 हर्ट्झ घसरला की गती 2 टक्क्यांनी मंदावते. अशा वेळी स्टॅबिलायझर कामाचा नाही, कारण तो फक्त व्होल्टेज सांभाळतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या यंत्राची गोष्ट आणखी बिकट. ट्रान्सफॉर्मरने 110 व्होल्ट मिळतात, पण 60 हर्ट्झसाठी कातलेली पुली 50 हर्ट्झवर 33⅓ ऐवजी 27.8 फेऱ्या देते. काळी दोनमधला गायक थेट पांढरी एकवर येतो! यावर उपाय म्हणजे 50 हर्ट्झची पुली, नाहीतर स्वतःची वारंवारता तयार करणारा वीजपुरवठा.

स्कॉटलंडच्या लिनने हा प्रश्न टप्प्याटप्प्याने सोडवला. 1973 मध्ये बाजारात आलेल्या सोंडेक एलपी12 चा प्लॅटर आणि टोनआर्म स्प्रिंगांवर तरंगतात. 1982 मध्ये त्याला वालहल्ला हा क्वार्ट्झवर चालणारा वीजपुरवठा मिळाला, 1990 मध्ये लिंगो आला आणि 2009 मध्ये डीसी मोटरचे रॅडिकल. आजचे बहुतेक भाग जुन्या यंत्रालाही बसतात, म्हणून अपग्रेड करत राहण्याची हौस असणाऱ्याने हे यंत्र जरूर पाहावे. पण स्प्रिंगा जुळवणारा जाणता कारागीर गावात असावा लागतो. आणि जुन्या वाड्यातली लाकडी तक्तपोशी चालताना हलत असेल, तर यंत्र भिंतीत ठोकलेल्या फळीवर ठेवावे.

दुसरी वाट टेक्निक्सची. 1970 च्या एसपी-10 पासून तिथे मोटर थेट प्लॅटरला जोडलेली आहे, मध्ये पट्टा नाही. 2010 मध्ये बंद झालेले एसएल-1200 हे 2016 मध्ये नव्या मोटरसह परतले, आणि या 1200जी मध्ये 78 ची गतीही आहे. मराठी घरांतल्या नाट्यगीतांच्या तबकड्यांसाठी हे फार महत्त्वाचे. जुन्या 78 च्या तबकड्या बरोबर 78 वर भरलेल्या असतीलच असे नाही. पिच नियंत्रणाने पेटीशी सूर जुळवता येतो. अशा संग्राहकाला मी लिनऐवजी टेक्निक्सच सुचवेन. 78 साठी सुईही वेगळी घ्यावी. एलपीची गोल सुई साधारण 18 मायक्रॉनची असते, 78 ची 65 च्या आसपास. एलपीच्या सुईने जुनी तबकडी वाजवली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि ऐकू येते ती खरखर.

कार्ट्रिजवर पैसे ओतण्याची घाई बहुतेकांना असते. डेनॉनची डीएल-103, जपानच्या एनएचके नभोवाणीसाठी घडलेली, आजही मिळते. तिची सुई ताठ, भार अडीच ग्रॅम, आणि तिला वजनदार आर्म हवा. हलक्या आर्मवर ती लावली तर जोडीचा अनुनाद वर सरकतो. तो 8 ते 12 हर्ट्झमध्ये राहावा, म्हणजे खाली वाकड्या तबकडीच्या हेलकाव्यांपासून आणि वर संगीतापासून सुटतो. म्हणून आर्म आधी, कार्ट्रिज नंतर.

त्याहून स्वस्त सुधारणा म्हणजे छापील प्रोट्रॅक्टरने कार्ट्रिजचा कोन बसवणे. एलपीच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर सरकते, शेवटच्या खाचांत 21 सेंटिमीटरच. तीच माहिती निम्म्याहून कमी जागेत कोंबलेली असते, आणि कोनाची चूक तिथेच ऐकू येते. ख्यालाची बाजू बहुधा द्रुताने संपते, म्हणजे सर्वांत दाटीच्या ताना नेमक्या सर्वांत अडचणीच्या जागी येतात. यंत्र ऐकायला गेलात तर दुकानदाराला बाजूची सुरुवात नको, शेवटची पाच मिनिटे लावायला सांगा.