‘ओ पेअर’ : कुटुंबातील सदस्य की घरकामगार?

परदेशातील एखाद्या कुटुंबात काही महिने वास्तव्य करायचे, तेथील भाषा व संस्कृती आत्मसात करायची आणि त्या बदल्यात मुलांचा सांभाळ व हलकी घरकामे यांत हातभार लावायचा, या व्यवस्थेला ‘ओ पेअर’ असे संबोधले जाते. मूळ फ्रेंच भाषेतील या शब्दांचा अर्थ ‘बरोबरीच्या नात्याने’ असा आहे. येणारी तरुण व्यक्ती नोकर नाही आणि निव्वळ पाहुणाही नाही, हे त्यातून अभिप्रेत आहे. तथापि, हीच संदिग्धता अनेकदा वादाचे कारण ठरते.

युरोप परिषदेने नोव्हेंबर १९६९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार स्वाक्षरीसाठी खुला केला. विद्यार्थी आणि कामगार या दोहोंची वैशिष्ट्ये असलेला हा स्वतंत्र वर्ग असल्याचे त्यात नमूद करण्यात आले आहे. प्रत्यक्ष नियम मात्र प्रत्येक देशाचे वेगवेगळे आहेत.

जर्मनीतील नियम

जर्मनीत यजमान कुटुंबाने ओ पेअरला स्वतंत्र खोली, भोजन, दरमहा २८० युरो हातखर्च आणि भाषावर्गासाठी दरमहा ७० युरो द्यावे लागतात. आजारपण, प्रसूती व अपघात यांसाठीच्या विम्याचा खर्चही कुटुंबाकडेच असतो. काम दिवसाला सहा व आठवड्याला ३० तासांहून अधिक असू नये. मुलांजवळ नुसते थांबण्याचा वेळही त्यातच मोजला जातो. आठवड्यातून दीड दिवस सुटी आणि किमान चार संध्याकाळी मोकळ्या देणे बंधनकारक आहे. आजारी किंवा वृद्ध व्यक्तींची शुश्रूषा हे ओ पेअरचे काम नव्हे.

भारतासारख्या युरोपीय संघाबाहेरील देशातून जाणाऱ्या अर्जदाराचे वय व्हिसासाठी अर्ज करताना १८ ते २६ वर्षे असावे लागते व त्याला प्राथमिक जर्मन अवगत असावी लागते. यजमान घरात जर्मन बोलली जाणे आवश्यक आहे. जर्मन ही कुटुंबाची मातृभाषा नसेल, तर ओ पेअर यजमान पालकांच्या मूळ देशातील असता कामा नये. त्यामुळे जर्मनीत स्थायिक झालेल्या मराठीभाषक दांपत्याला भारतातून ओ पेअर बोलावता येत नाही. नातेवाइकांनाही या मार्गाने नेता येत नाही.

अमेरिकेतील न्यायालयीन वाद

अमेरिकेत ही योजना १९८६ मध्ये सुरू झाली. तेथे आठवड्याला ४५ तासांपर्यंत काम करण्याची मुभा आहे. २००९ मध्ये किमान साप्ताहिक भत्ता १९५.७५ डॉलर ठरला. संघीय किमान वेतनातून निवास व भोजनापोटी ४० टक्के वजा करून हा आकडा काढण्यात आला होता. मध्यस्थ संस्थांनी संगनमत करून मोबदला या किमान पातळीवरच रोखून धरला, असा दावा माजी ओ पेअरनी न्यायालयात केला. जानेवारी २०१९ मध्ये या संस्थांनी ६ कोटी ५५ लाख डॉलर देण्याची तडजोड मान्य केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, मॅसॅच्युसेट्स राज्याचे किमान वेतनाचे नियम ओ पेअरनाही लागू होतात, असा निर्णय संघीय अपील न्यायालयाने दिला. दरम्यान, नॉर्वेने मार्च २०२४ मध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरील तरुणांसाठी ही योजना बंद केली.

या सर्व वादांच्या मुळाशी एकच बाब आहे. ओ पेअरचा निवारा, उत्पन्न व देशात राहण्याचा परवाना या तिन्ही गोष्टी एकाच कुटुंबावर अवलंबून असतात. वाढीव कामाला नकार देणे म्हणजे राहते घर गमावण्याचा धोका पत्करणे होय. ‘घरचेच माणूस’ या आपुलकीच्या शब्दाआड कामाचे तास वाढत जातात, ते यामुळेच. म्हणून कामाचे वेळापत्रक, सुटीचे दिवस, हातखर्च आणि करार संपवण्याची मुदत या बाबी प्रवासापूर्वीच लेखी ठरवणे दोन्ही पक्षांच्या हिताचे ठरते.